पॅरिशचा संघ

मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे आयर्लंडला गेले होते. टिपररी काउंटीत, थर्ल्सजवळच्या एका खेड्यात ती राहते. तिचा नऊ वर्षांचा मुलगा हर्लिंग खेळतो. आठवड्यातून दोनदा "खाला, चल ना" म्हणून तो मला मैदानावर ओढून नेई.

हर्लिंगला हॉकी म्हणावं, तर चेंडू जमिनीपेक्षा हवेतच जास्त असतो. हातातली काठी ॲशच्या लाकडाची, खाली चपटी आणि रुंद. तिच्यावर चेंडू तोलत मुलं पळतात. चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण, आडव्या दांडीवरून गेला तर एक. मोठ्यांच्या संघात पंधरा खेळाडू असतात. लहानांचे संघ छोटे, डोक्यावर शिरस्त्राण सक्तीचं, आणि त्यांच्या सामन्यांत हार-जीत मोजण्यापेक्षा प्रत्येक मुलाला खेळायला मिळण्याला महत्त्व. तरी घरी परतताना माझा भाचा गाडीत सगळे गोल मोजून दाखवायचाच!

हा खेळ चालवणारी संस्था, जीएए, 1884 मध्ये थर्ल्सलाच स्थापन झाली. इंग्रजी सत्तेच्या काळात आपले खेळ जपायचे, हा तिचा हेतू. 21 नोव्हेंबर 1920 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर ब्रिटिशांच्या फौजेने सामन्याच्या गर्दीवर गोळ्या झाडल्या. चौदा जीव गेले. जालियनवाला बाग शिकवणाऱ्या शिक्षिकेला हा इतिहास परका वाटला नाही.

मला खरं नवल वाटलं ते क्लबच्या रचनेचं. तिथल्या खेड्यांत क्लब बहुधा पॅरिशचा असतो. पॅरिश म्हणजे एका कॅथलिक चर्चची हद्द. क्रोक पार्कलाही एका आर्चबिशपचंच नाव आहे. म्हणजे संस्थेची मुळं चर्चच्या अंगणात. पण त्या हद्दीत राहणारं मूल त्या क्लबचं, मग ते रविवारी चर्चला जावो की जुम्म्याला मशिदीत. माझा भाचा 'आपल्या पॅरिशकडून' खेळतो, आणि यात त्याला काहीच वेगळं वाटत नाही. सामन्यानंतर सॉसेज वाटणाऱ्या आजीबाई त्याच्यासाठी न सांगता चिप्स बाजूला ठेवतात. तिथे मगरीब रात्री नऊच्या पुढे, त्यामुळे खेळ संपवून नमाजला घरी पोहोचायला घाई करावी लागत नाही.

कोविडच्या काळात, 31 जुलै 2020 रोजी, बकरी ईदची नमाज थेट क्रोक पार्कच्या हिरवळीवर झाली. सुमारे दोनशे जण अंतर राखून उभे होते. आणि इराकमध्ये जन्मलेला, निर्वासित म्हणून आलेला कुर्द खेळाडू झॅक मोरादी लीट्रिम काउंटीकडून हर्लिंग खेळला.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, तेव्हापासून बहीण तिकडे एकटी जायला कचरते. मैदान ही भीती पुसत नाही. पण तिच्या मुलाला ओळखणारी, त्याच्या नावाने ओरडणारी चाळीसएक माणसं त्या गावात आहेत, ती या खेळामुळे.

मला इथे मराठीत बोलताना ऐकून लोक अजूनही म्हणतात, "अय्या, तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहूनही आपलेपणाचा दाखला मागितला जातो. भाच्याकडे कुणी दाखला मागितला नाही. पत्ता विचारला आणि हातात काठी दिली.

आमची उर्दू शाळा आणि शेजारची मराठी शाळा एकाच आवारात भरतात. मधल्या सुट्टीत मात्र मुलं दोन टोकांना खेळतात. जूनमध्ये शाळा उघडली की मी तिथल्या मुख्याध्यापिकांना भेटणार आहे. खो-खोचे संघ शाळांचे नकोत, मोहल्ल्यांचे करूया. आमच्या गल्लीत दोन्ही शाळांची मुलं राहतात.