जाकिटाच्या शिवणी

बगलेखालच्या शिवणी आज उसवल्या. अमेरिकन सैन्याचं वापरलेलं एम-६५ जाकीट, 1965 साली आलेला नमुना, सुती-नायलॉनचं घट्ट विणीचं कापड. साध्या सुईला ते दाद देत नाही. मशीनला सोळा नंबरची सुई लावली आणि जाड थरांवर चाक हातानेच फिरवलं.

हे शिवणाऱ्यांनी किती विचार केलाय! खांद्यामागे चुण्या, म्हणजे हात पुढे ताणला तरी पाठ ओढली जात नाही. कमरेला आतून नाडी. कॉलरमध्ये चेन आणि तिच्या आत घडी घातलेली टोपी. बाहीच्या टोकाला कापडाचा त्रिकोण, उलगडला की पंजाची मागची बाजू झाकतो. यातलं काहीही कापायला माझा हात धजत नाही. म्हणून फक्त बगलेपासून खाली दोन्ही बाजूंनी आत घेतलं, मूळच्यासारखी दुहेरी टीप मारली. जादा कापड आतच ठेवलंय. पुढे कुणाला सैल करावंसं वाटलं तर करता यावं.

उजव्या खिशावरची नावाची पट्टी मात्र काढली. टाके एकेक करून तोडले. खाली कापड गडद हिरवं, कोरं निघालं. भोवतालचं सगळं उन्हापाण्यानं विटलेलं. ते नाव मिरवण्याचा हक्क मला नाही, असं मनापासून वाटतं. आपल्याकडे तर सैनिक भासावं म्हणून तसा पोशाख घालणं गुन्हाच आहे.

पट्टी धुऊन जाकिटाच्या आतून शिवली. आता बटणं घट्ट करायची राहिलीत.