चावदिसाचे पोहे

वाचकहो, दिवाळी म्हटली की आपल्या देशावरच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येते? सोयाबीनच्या पट्टीचे आलेले किंवा यायचे राहिलेले पैसे, शाळूच्या पेरणीची गडबड, कारखान्याच्या तोडीची चौकशी आणि या सगळ्यातून सवड काढून वाण्याच्या दुकानातून आणलेले फराळाचे सामान. आमच्या गडहिंग्लज भागात तरी असेच चालते. साखर कारखान्याची, पोहे पुड्यातले, डाळ वाण्याकडची. आपण पिकवतो आणि तरी सणाला लागणारे सगळे विकत आणतो, हे मला कित्येक वर्षे कधी जाणवलेसुद्धा नव्हते. जाणवले ते घाट उतरून खाली कोकणात दिवाळीला गेलो तेव्हा.

२०२४ साली नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला होती. माझे एक स्नेही मुंबईला नोकरी करतात. त्यांचे घर सावंतवाडीपासून एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर. "एकदा आमचा चावदिस बघायला ये," असे ते वर्षानुवर्षे म्हणत होते. तिकडे नरकचतुर्दशीला चावदिस म्हणतात आणि दिवाळीचा खरा मान त्याच दिवसाला. लक्ष्मीपूजन तिथेही होते, पण त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही, ते आपल्यासारखेच.

तुम्ही आमच्या बाजूने जाणार असाल तर आजऱ्यावरून आंबोलीची गाडी धरा. आंबोलीला आपली हिरण्यकेशी उगम पावते. गडहिंग्लजला जिच्या पाण्यावर आपण ऊस भिजवतो ती नदी तिथे डोंगराच्या कपारीतून निघते आणि पूर्वेकडे आपल्याकडे येते. तिला पाठ दाखवून गाडी पश्चिमेला घाट उतरू लागली की अर्ध्या तासात सगळे बदलते. हवा दमट, माती तांबडी, आणि दोन्ही हातांना खाचरे. हळवे भात कापून झालेले, गरवे अजून पिवळे होत उभे. मधूनच एखादे खाचर मात्र नुसते गवताने भरलेले. अशी पडीक खाचरे मी गाडीतून मोजू लागलो आणि थोड्या वेळाने मोजायचे सोडून दिले.

घरी पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. स्नेह्यांच्या मातोश्री, ज्यांना मी काकी म्हणतो, अंगणात बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. "इलंस? बरा झाला," एवढेच म्हणाल्या आणि पुन्हा सुपातले पोहे पाखडू लागल्या. दारावर नवान्न पौर्णिमेला बांधलेले नव्याचे तोरण अजून होते. भाताच्या लोंब्या, आंब्याचे पान, झेंडू, सगळे वाळलेले.

हे पोहे पाहण्यासारखे. पांढरेशुभ्र नव्हेत, तांबूस आणि जाडसर. त्यांची कृती काकींनी सांगितली ती अशी. नव्या हळव्या भाताला गरम पाणी घालून ते रात्रभर भिजत ठेवायचे. सकाळी रोवळीत उपसून निथळायचे. मग खापरात थोडे थोडे घेऊन भाजायचे आणि फुटू लागले की गरम गरमच उखळात टाकून कांडायचे. गार झाले की चुरा होतो, म्हणून एकीने भाजायचे आणि दोघींनी समोरासमोर उभे राहून मुसळ चालवायचे. एकटीचे ते काम नव्हे. पूर्वी चावदिसाच्या आधी दोन-तीन रात्री गावभर मुसळांचा आवाज चाले म्हणे. आता बरेच लोक आपले भात गिरणीवर देऊन पोहे करून आणतात, आणि त्याहून बरेच लोक दुकानातून आणतात. काकींनी शेजारणीला आणि मुंबईहून आलेल्या सुनेला हाताशी धरून घरीच कांडले होते. सूनबाईंनी तळहाताला आलेले फोड मला दाखवले. तक्रार नव्हती, थोडा अभिमानच होता म्हणा ना.

रात्री जेवताना मात्र दुसराच विषय निघाला. घरची जमीन पूर्वी बरीच होती. आता कसायची म्हणून दोनच कुणगे उरलेत. कुणगा म्हणजे आपल्या वाफ्याहून मोठे, बांधाने वेढलेले भाताचे खाचर. स्नेही म्हणाले, "पुढल्या वर्षापासून हे दोनही सोडणार. लावणीला माणूस मिळत नाही. मिळाला तर त्याची मजुरी भातातून निघत नाही. पीक तयार झाले की गवे येतात, डुकरे येतात, दिवसा माकडे. आई या वयात राखणीला बसते. कशासाठी? पोहे काय दुकानात मिळत नाहीत?"

त्यांचे बोलणे खोटे नव्हते. हिशेब मांडला तर आपल्यापैकी कोणीही हेच म्हणेल. काकींनी ताटातला हात थांबवला आणि म्हणाल्या, "दुकानातले पोहे खुशाल खावा. पण मगे त्येका चावदिस म्हणा नको."

त्यावर कोणी काही बोलले नाही.

पहाटे साडेचारला उठवले. न्हाणीघरातला तांब्याचा हंडा आदल्या संध्याकाळीच घासून, पाण्याने भरून, त्याला झेंडूची माळ घातलेली होती. खाली चूल धगधगत होती. काकींनी घरातल्या प्रत्येकाला पाटावर बसवून तेल लावले. पन्नाशीतल्या मुलाला लावले, आणि मलाही. आईच्या हाताचे तेल डोक्यावर पडायला मला किती वर्षे झाली होती ते सांगत नाही. मग उटणे, आणि अर्धे स्नान झाल्यावर आघाड्याची डहाळी अंगावरून फिरवून टाकली. आघाडा, टाकळा या तणांना आपण वर्षभर खुरप्याने काढून फेकतो. या एका पहाटे त्यांना शास्त्राने मान दिला आहे.

स्नानानंतरचा विधी हाच चावदिसाचा गाभा. तुळशीपुढे पणती, रांगोळी, आणि ओळीने मांडलेली कारिटे. कारीट तुम्ही पाहिले असेल. काकडीच्या कुळातले, लहान अंड्याएवढे, हिरव्यावर फिकट पट्टे असलेले कडू फळ. पावसात कुंपणावर त्याचा वेल आपोआप येतो. कोणी लावत नाही, कोणी खत घालत नाही. शहरात आजकाल ते पैसे देऊन विकत घेतात. इथे आदल्या दिवशी मुलांनी टोपलीभर गोळा करून आणली होती. घरातल्या एकेकाने पुढे व्हायचे, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट ठेवायचे आणि "गोविंदा, गोविंदा" असे ओरडून ते फोडायचे. फटकन आवाज होतो, बिया उडतात. मग त्याचा रस कपाळाला लावायचा आणि एक बी जिभेवर ठेवायचे. कडू म्हणजे असे कडू की डोळे मिटतात. स्नेह्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाने तोंड वाकडे केले तेव्हा काकी म्हणाल्या, "पयला कडू, मगे गोड."

हे कारीट म्हणजे नरकासुर. त्याची कथा आपल्याला ठाऊक असते, पण अर्धीच. भागवताच्या दशमस्कंधात ती आहे. नरकासुर हा प्राग्ज्योतिषपूरचा राजा. आजच्या आसामात गुवाहाटीच्या बाजूला ते नगर होते असे मानतात. त्याने सोळा हजार राजकन्या कोंडून ठेवल्या, देवमाता अदितीची कुंडले हिरावून नेली. श्रीकृष्ण सत्यभामेला बरोबर घेऊन गेला आणि त्याने त्याला मारले. इथवर कीर्तनात ऐकलेले असते. पण हा नरकासुर मुलगा कोणाचा? भूमीचा. ज्या काळ्या आईला आपण नांगर धरण्याआधी हात जोडतो, तिचाच हा मुलगा. म्हणून त्याला भौमासुर असेही नाव आहे. आईच्या पोटी जन्मून तो माजला. जे मिळेल ते धरून ठेवायचे, कोंडायचे, सोडायचे नाही, हा त्याचा दोष. तो पडल्यावर भूमी स्वतः कृष्णापुढे आली. तिने कुंडले परत केली, आणि मुलासाठी रडत बसण्याऐवजी नातू भगदत्त याला पुढे करून म्हणाली, याला अभय दे. कृष्णाने अभय दिले आणि राज्य नातवाकडे राहिले.

मला ही कथा तुळशीपुढे उभा असताना आठवली ती उगाच नव्हे. राक्षस कुठे आसामात मेला. पण प्रत्येकाने आपल्या दारात, आपल्याच पायाने त्याला फोडावे आणि त्याचा कडूपणा स्वतःच्या जिभेने चाखावा, असा हा रिवाज आहे. दुसऱ्याचा राक्षस मारायला लावलेला नाही. शेजारच्या गोव्यात आदल्या रात्री नरकासुराच्या मोठमोठ्या प्रतिमा करून पहाटे जाळतात. ती प्रथा आता सावंतवाडी-कुडाळकडेही आली आहे. पोरांची कारागिरी खरोखर पाहण्यासारखी असते, पण त्याबरोबरच्या ध्वनिक्षेपकांनी रात्रभर म्हाताऱ्या माणसांना झोप मिळत नाही. एवढा मोठा राक्षस उभा केल्यावर अंगठ्याखालचा लहान राक्षस विसरायला होतो, असे आपले माझे मत. असो.

कडूनंतर गोड. उजाडता उजाडता पोहे आले. एकाच पोह्यांचे किती प्रकार! गूळ-खोबऱ्याचे, दुधातले, दह्यातले, नारळाच्या रसात गूळ घालून केलेले, फोडणीचे तिखट, आणि बरोबर काळ्या वाटाण्याची उसळ. आधी देवाला आणि तुळशीला. मग शेजाऱ्यांची ये-जा सुरू झाली. इकडच्यांनी तिकडे जायचे, तिकडच्यांनी इकडे यायचे, प्रत्येक घरी दोन घास खायचेच. मी पाच घरी पोहे खाल्ले. दोन घरचे घरी कांडलेले होते, तीन घरचे दुकानातले. सांगायला नको, जिभेला कळते. पण दुकानातले वाढणाऱ्या एका बाईंनी आपण होऊनच सांगितले, "आमचे कुणगे पडले. यंदा नवे नाहीत." आवाज खाली गेला होता. जणू घरात काही उणे झाले आणि पाहुण्याला ते सांगणे भाग पडले. तेव्हा काकींच्या रात्रीच्या बोलण्याचा अर्थ मला लागला. चावदिसाचे पोहे हा पदार्थ नाही. जमिनीने वर्षभरात जे दिले ते आधी देवाला दाखवून, मग शेजाऱ्याच्या तोंडात घालून, मग आपण खायचे. नरकासुराने नेमके हेच केले नव्हते.

पाडव्याचा दिवस गुरांचा. सकाळी स्नेह्यांच्या मुलाने अंगणात शेणाचा लहानसा गोठा घातला. भिंती, दार, मध्ये शेणाचाच गोवर्धन आणि त्यावर फुले. मग उरलेली कारिटे घेतली, प्रत्येकाला चार काड्यांचे पाय टोचले आणि गोठ्यात बांधली. मोठी कारिटे बैल, मधली गाई, बारकी वासरे. मी मोजली तर बारा गुरे झाली. दोन दिवसांपूर्वी राक्षस म्हणून पायाखाली गेलेले फळ आज गोठ्यातले लक्ष्मीचे रूप! हे कोणी कोणाला समजावून सांगत नव्हते. मुलगा आपला गुरे बांधत होता.

खऱ्या गोठ्यात एकच गाय होती. दोन जोड्या बैल होते ते दिवस गेले. आता भाड्याच्या पॉवर टिलरने चिखलणी होते. काकींनी गाईला न्हाऊ घातले, शिंगांना गेरू लावला, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि ओवाळून पोहे-गूळ भरवला. आपल्याकडे याच दिवशी बळिराजाचे राज्य येवो म्हणतात. वामनाने तीन पावलांत सर्व मागून घेतले तरी दिला शब्द मागे न घेणारा तो राजा. तिकडे बळीचे नाव फारसे ऐकू आले नाही. पण त्या म्हातारीने गाईच्या तोंडात घास घालताना मला तेच आठवले.

दुपारच्या गाडीने निघायचे होते. पिशवी भरून बाहेर आलो तर माय-लेक पडवीत बसले होते. पुढल्या वर्षाच्या बियाण्याची मुडी बांधणे चालले होते. निवडक भात पेंढ्यात घालून, वरून पेंढ्याचीच दोरी वळसे देत आवळून घट्ट गोल मुडी करतात; त्यात बी सुरक्षित राहते. काकी मुडी दाबून धरत होत्या, आणि दोरी ओढायला त्यांच्या हातात पूर्वीचा जोर नव्हता, म्हणून स्नेही ओढत होते.

"किती धरले बी?" मी विचारले.

"दोन कुणग्यांक पुरतला तेवढा," काकी म्हणाल्या.

स्नेही माझ्याकडे न बघता दोरी ओढत होते. गाठ मारून झाल्यावर त्यांनी मुडी उचलली, मुलाला हाक मारून शिडी धरायला सांगितली आणि ती वर माळ्यावर नेऊन ठेवली.