आवृत्तीचा आकडा

मराठीत पुस्तक खपते आहे हे सांगण्याची रूढ रीत म्हणजे मुखपृष्ठावर ‘दहावी आवृत्ती’ असे छापणे. परंतु हा आकडा नेमके काय मोजतो, हा प्रश्न प्रकाशनव्यवसायात केस पिकलेल्या माणसालाही सुटलेला नाही. मजकुरात भर वा दुरुस्ती झाली तर आवृत्ती आणि जुनाच मजकूर पुन्हा निघाला तर पुनर्मुद्रण, हा भेद बहुतेकांनी केव्हाच सोडला आहे, आणि प्रती किती काढल्या हे तर सहसा छापलेच जात नाही. खिळे जुळवून छपाई होई तेव्हा थोड्या प्रती काढणे परवडत नसे, म्हणून आवृत्ती संपण्याला वजन होते. डिजिटल छपाईत शंभर प्रतींचीही आवृत्ती निघते.

शिवाय छापलेली प्रत म्हणजे विकलेली प्रत नव्हे. ‘विकल्यावर पैसे’ या बोलीवर विक्रेत्याकडे गेलेला गठ्ठा तसाच परत येऊ शकतो, आणि प्रकाशनपूर्व सवलतीत, म्हणजे छपाईआधीच कमी किमतीत नोंदवलेल्या प्रतींच्या बळावर पहिली आवृत्ती समारंभाच्या दिवशीच ‘संपते’. व्यासपीठावरूनच दुसरी आवृत्ती जाहीर करण्याची ही चाल वाचकाचा विश्वास खर्ची घालणारी आहे. न्यू यॉर्क टाइम्सची 1931 पासूनची सर्वाधिक खपाच्या पुस्तकांची यादीही निर्दोष नाही, पण घाऊक खरेदीचा संशय असलेल्या पुस्तकापुढे ती कट्यारीची खूण करते. तेथे निदान संशय तरी छापला जातो.

विसाव्या आवृत्तीचे मुखपृष्ठ छपाईला देताना प्रकाशकाची मान ताठ होते, आणि हे यश वाचकाच्या ओढीचे की स्वतःच्या हिकमतीचे, हे तपासण्याची इच्छा त्याला त्या क्षणी होत नाही. हा अहंकार या धंद्यात कोणालाच चुकलेला नाही. जाणता विक्रेता मात्र मुखपृष्ठ उलटून आतल्या पानावरील महिना-वर्षांची उतरंड वाचतो. चार महिन्यांत पाच आवृत्त्या आणि पुढे सहा वर्षे काहीच नाही, असे दिसले की तो दोनच प्रती मागवतो. 1935 ची ‘श्यामची आई’ किंवा 1967 ची ‘मृत्युंजय’ ही पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या मागितली जातात, आणि खप म्हणावा तो हाच.

प्रकाशकांनी यापुढे प्रत्येक आवृत्तीपुढे तिच्या प्रतींची संख्या छापावी.