पाणी तापवायची दोन भांडी

गणिती रामानुजनवरचा 'द मॅन हू न्यू इन्फिनिटी' हा सिनेमा मी दुसऱ्यांदा पाहिला तो फक्त त्याच्या बायकोसाठी, जानकीसाठी. पहिल्या वेळी रामानुजन आणि केंब्रिजचा गणिती हार्डी यांच्यापलीकडे माझी नजर गेलीच नव्हती. सासू पत्रं दडवून ठेवते, इकडे ही वाट पाहते, तिकडे केंब्रिजच्या थंडीत तो झुरतो. डोळे भरून येतात. पण पडद्यावरची जानकी जाणती तरुणी आहे. खरी जानकी १९०९ साली बोहल्यावर चढली तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती आणि १९१४ साली नवरा बोटीत बसला तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. त्या पोरीच्या मनात तेव्हा काय चाललं असेल, ते प्रेमकथेच्या साच्यात मावणारं नाही.

अमेरिकेतला गणिती जॉन नॅश याच्यावरच्या 'अ ब्यूटिफुल माइंड'मध्येही असंच झालंय. त्याचा आणि अलिशियाचा १९६३ सालचा घटस्फोट त्यात नाहीच. घटस्फोटानंतरही १९७० साली तिनं त्या आजारी माणसाला आपल्या घरात आसरा दिला आणि २००१ साली दोघांनी पुन्हा लग्न केलं. न तुटलेल्या संसारापेक्षा हे मला कितीतरी मोठं वाटतं.

इकडे रामानुजन १९१९ साली इंग्लंडहून परतला तो आजारीच. ठरल्या वेळी भात, लिंबाचा रस, ताक द्यायचं, कळ आली की पाय आणि छाती शेकायची, हे सगळं जानकीनं केलं. तो अंथरुणावरून गणितं मांडत राहिला. १९७६ साली ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात सापडलेली, जगभरचे गणिती अजून अभ्यासतात ती पानं बहुतेक या आजारपणाच्या वर्षातली. त्या पानांमागचं शेकणं कुणाच्या ध्यानात येतं?

२६ एप्रिल १९२० ला तो गेला. वय अवघं ३२. जानकी त्यानंतर ७४ वर्षं जगली. मुंबईला भावाकडे राहिली, शिवणकाम शिकली, मद्रासला परतून त्यावर पोट भरलं, एका मुलाला पोटच्या पोरासारखं वाढवलं. आमच्या गल्लीत दुपारी शिलाई मशीनची खडखड सुरू झाली की मला हटकून ती आठवते. याच मुंबईत कुठेतरी तिनं पहिली टीप मारली असेल.

म्हातारपणी तिनं सांगितलं होतं, शेकायला पाणी तापवायची ती दोन भांडी अजून माझ्यापाशी आहेत.