कॉफी, क्षार आणि अण्णा

सोमवार सकाळ, सहा चाळीस. सातला शेंद्र्याची कंपनी बस चौकात येते आणि माझ्यासाठी एक मिनिटही थांबत नाही. नेमक्या अशा वेळी आमच्या एस्प्रेसो मशीननं मान टाकली. पंप घरघरला, कपात चार थेंब तपकिरी पाणी पडलं आणि सगळं शांत.

“आवाज कसा करायलं होतं दोन दिवस झाले... गेलं वाटतं,” अण्णा म्हणाले. रिकामा कप हातात धरून ते उभे होते, जणू काही चूक त्यांचीच आहे.

चूक त्यांचीच होती. म्हणजे, त्या आठवड्यात तरी मला तसंच वाटत होतं!

एवढीशीच?

हे मशीन माझ्याबरोबर पुण्याहून आलं. सहा वर्षं तिथं नोकरी केली, पगार वाढला, तशी कॉफीची चटक लागली. मग तीन वर्षांपूर्वी आई अचानक गेली आणि मी शेंद्र्यात नोकरी शोधून घरी परत आले. टेम्पोतून येताना सगळ्यात जपून आणलेला खोका या मशीनचा होता. पुण्यातलं आयुष्य सोडलं, निदान त्यातली सकाळ तरी बरोबर असावी, असा फंडा.

अण्णा पक्के चहावाले. एस्प्रेसो म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर लग्नातली कॉफी. तुम्हालाही आठवत असेल... मांडवाच्या कोपऱ्यात ते भलंमोठं चकचकीत मशीन, वाफेचा फुस्स आवाज, दूध, साखर, भरपूर फेस आणि वर भुरभुरलेली चॉकलेट पावडर. मी दोन घोटांची काळी एस्प्रेसो पुढं केली, तर म्हणाले, “एवढीशीच? अन् फेस कुठंय?”

पण महिन्याभरात मशीन त्यांनी ताब्यात घेतलं. अठरा ग्रॅम पावडर, छत्तीस ग्रॅम कॉफी, पंचवीस ते तीस सेकंद. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी केलेल्या माणसाला मोजमाप आवडणारच. रोज सहाला स्वयंपाकघरातला दिवा लागायचा आणि मी तयार होऊन येईपर्यंत कप ओट्यावर हजर. एकदा मी विचारलं, “चहा का करत नाही हो आता?” तर म्हणाले, “तुझ्या आईसारखा जमत नाही. कॉफीचं बरं असतं, तुलना करायला कुणी नाही.”

मी हसले आणि बस पकडायला पळाले.

पाणी वाचवलं, मशीन घालवलं

शहागंजातल्या दुरुस्तीवाल्यानं मशीन उघडलं आणि आतला तापणारा ठोकळा माझ्यासमोर धरला. पाण्याची वाट पांढऱ्या थरानं गच्च बंद झालेली. “ताई, चुना बसलाय. गिझरच्या कॉइलवर बसतो ना, तोच. हा पार्ट आता मिळत नाही. नवीन बघा.”

घरी आल्या आल्या मी विचारलं, “अण्णा, टाकीत पाणी कोणतं भरत होता?”

“बोअरचं.”

“घरात आरओ असताना?”

“एक लिटर पाणी द्यायला तो आरओ दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. नळ किती दिवसांनी येतो माहितीये ना तुला?”

माहीत होतं. जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झालं, गावापासून पन्नासेक किलोमीटरवर एवढा मोठा नाथसागर पसरलाय, तरी या शहरानं वर्षानुवर्षं नळाची वाट दिवस मोजत पाहिलीय. आमच्या लहानपणी तर आई भाज्या धुतलेलं पाणीही तुळशीला घालायची. पण त्या क्षणी मला हे काहीही आठवलं नाही. मी म्हटलं, “छान! पाणी वाचवलंत आणि मशीन घालवलंत.”

अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सहाला स्वयंपाकघरातला दिवा लागला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस

मी क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. पार्ट फेल झाला की आम्ही पाच वेळा ‘का’ विचारतो. बुधवारी बसमध्ये, बिनकॉफीच्या डोक्यानं, मी हा प्रयोग घरच्या केसवर केला.

मशीन का बंद पडलं? आत क्षार साचले. का साचले? आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. तापलं की त्यातले क्षार थर धरतात. ते पाणी का वापरलं? आरओचं वाया जातं म्हणून. त्यानं मशीन बिघडेल हे अण्णांना का माहीत नव्हतं? मी कधी सांगितलंच नव्हतं. पुस्तिकेत दर दोन-तीन महिन्यांनी क्षार काढा असं छापलेलं होतं आणि ती पुस्तिका माझ्या कपाटात होती.

का नाही सांगितलं?

कारण तीन वर्षं मी तो कप उभ्यानं, मोबाइल बघत, दोन मिनिटांत संपवत होते. पाणी कुठलं आहे हे विचारायला तरी माणसानं बसावं लागतं. ऑफिसमध्ये असा रिपोर्ट आला असता, तर मी ऑपरेटरला दोष देणाऱ्याला झापलं असतं.

गाळ काढायची सोय

शनिवारी अण्णांना स्कूटरवर बसवून पाणचक्कीला नेलं. पाण्याजवळ बसलं की त्यांची गाडी रुळावर येते. “1610 मध्ये मलिक अंबरनं खडकी वसवली,” ते सुरू झाले, “अन् नहर बांधून गावात पाणी आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर.”

“अण्णा, मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. कॉफीचं झाडही तिथलंच.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे पाणीवाला अन् कॉफीवाली एकाच मुलखाची. भांडण फक्त आपल्या घरात.”

मी सॉरी म्हटलं. ते म्हणाले, “दाखव ती मशिनं, कसली कसली येतात.”

मग आम्ही दोघांनी खरेदीचं मनावर घेतलं. मी आधी जाहिरातींना भुलले होते, ‘15 बार, 20 बार’! खरं तर एस्प्रेसोला पावडरीवर नऊ बारच्या आसपास दाब पुरतो. वरचा आकडा पंपाची कमाल ताकद सांगतो, चव नाही. बटण दाबलं की बिया दळण्यापासून सगळं करणारं ऑटोमॅटिक मशीन मला जाम आवडलं. अण्णांनी विचारलं, “मग मी काय करू? बटण दाबू?” बाद. कॅप्सूलवालं सोपं आणि स्वच्छ, पण रोजचा कचरा बघून तेही बाद.

हातानं दाबायच्या लिव्हर मशीनवर माझं मन बसलं होतं. 1884 मध्ये आंजेलो मोरिओन्दोनं इटलीतल्या तुरीनमध्ये वाफेच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तिथून ही कथा सुरू झाली. पण कपावर जाडसर सोनेरी साय आणली ती आकिले गाज्जाच्या लिव्हर मशीननं, दुसऱ्या महायुद्धानंतर. आज घरासाठी मिळणाऱ्या साध्या लिव्हर मशीनमध्ये ना पंप ना बॉयलर. उकळतं पाणी ओतायचं आणि दांडा दाबायचा. चुना धरायला जागाच नाही! पण अण्णांचा उजवा खांदा आखडलेला. रोज दोन कप ते दाबणार कसे? मग मोका पॉट पाहिला. स्वस्त आणि दणकट, 1933 पासून चालत आलेली गोष्ट. पण त्यात दाब एक-दोन बारचा, कॉफी कडक होते, एस्प्रेसो नाही.

शेवटी उरलं साधं सेमी-ऑटोमॅटिक. दुकानदार पॉलिश, वॉट, वॉरंटी सांगत होता. अण्णांनी त्याला मध्येच थांबवलं. “यात गाळ काढायची सोय काय?”

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “बरोबर विचारतायत ते. क्षार कसे काढायचे? जाळी आणि रबर सुटं मिळतं का? तापणारा भाग बदलता येतो का?”

ज्या मशीनबद्दल या तिन्ही प्रश्नांची नीट उत्तरं आली, ते घेतलं. दिसायला अगदीच साधं. वाचलेले पैसे चांगल्या ग्राइंडरला लावले, कारण दळण नीट नसेल तर महागातलं मशीनही पाणचट कॉफी देतं.

राहिला प्रश्न पाण्याचा. आरओवाल्याला बोलावून टीडीएस थोडा वर ठेवायला सांगितला. अगदी क्षारच नसलेल्या पाण्यात कॉफी मिळमिळीत लागते. आणि अण्णांनी आरओची वाया जाणारी नळी मोरीतून उचलून एका ड्रममध्ये सोडली. आता लादी पुसायला, संडासात टाकायला तेच पाणी. मशीनही खूश, अण्णाही.

पुस्तिकेत चालतं असं लिहिलंय, म्हणून क्षार काढायला लिंबूसत्त्व आणून ठेवलंय. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये दर दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णांच्या अक्षरात एकच शब्द लिहिलाय... ‘गाळ’.

सहाला दिवा पुन्हा लागतो. मी गजर दहा मिनिटं अलीकडे ओढलाय आणि कॉफी बसून पिते. परवा अण्णांनी आईच्या चहाचं आलं किसून टाकायचं की ठेचून, यावर पहिल्यांदाच मनसोक्त गप्पा मारल्या.

बस चुकली. रिक्षाला तीनशे रुपये गेले. पण ठेचून टाकायचं असतं, एवढं मात्र कळलं.