घरचा डबा

माझा धंदा रंगाचा. म्हणजे बेदाण्याचा, पण सांगली जिल्ह्यात ज्यांची हयात सौद्यात गेली त्यांना दोन्ही एकच वाटेल. हिरवा, त्याखालोखाल पिवळा, आणि सगळ्यांत तळाशी काळा, ही उतरंड मला बाराखडीच्या आधी पाठ झाली असावी. मूठ भरायची, उजेडाकडे धरायची, भाव बोलायचा. तोंडात टाकून बघणारा क्वचितच.

असा मी दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये लडाखला गेलो. मुलीला तलाव बघायचे होते, मला जर्दाळू. देशातला सर्वाधिक जर्दाळू तिथं पिकतो हे ऐकून होतो, जमलं तर थोडा माल उचलावा असा हिशेब होता. सुटीवर गेलेला व्यापारी सुटीवर नसतोच.

लेहहून श्रीनगरच्या रस्त्यानं निघालो की खालत्से येतं. तिथं रस्त्याकडेला बायका जर्दाळू घेऊन बसलेल्या होत्या. ताजा जर्दाळू देखणा होता, केशरी, गालावर लाली आलेला. सुकवलेला मात्र तपकिरी, सुरकुतलेला, काही काळपटच. गाडीतून न उतरताच मी मनात प्रत लावून टाकली. तिसरी. आमच्या दुकानात येतो तो तुर्कस्तानातल्या मालात्याकडचा जर्दाळू कसा नारिंगी, गुबगुबीत, एकसारखा! आणि नावातच रंग आहे की. फारसीत ‘जर्द’ म्हणजे पिवळा आणि ‘आलू’ म्हणजे आलुबुखारातला तो आलू. मग पिवळाच नाही तो जर्दाळू कसला, असा माझा युक्तिवाद. तो मी बायकोला ऐकवला. तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

मुक्काम होता दोमखरला. खालत्सेहून सिंधूच्या कडेनं खाली उतरत गेलं की हे गाव येतं. भोवती उघडे, करपल्यासारखे डोंगर, वर्षाकाठी पाऊस जेमतेम 100 मिलिमीटरच्या आसपास, आणि मधोमध हिरवा पट्टा. बर्फाचं वितळलेलं पाणी पाटानं शेतात खेळवलेलं. ज्या घरी उतरलो त्याच्या छपरावर जर्दाळू वाळत घातलेला. खडकांवर, टोपल्यांत, जुन्या चादरींवर, जिथं ऊन तिथं जर्दाळू.

घरातली आजी रोज सकाळी छपरावर येऊन एकेक फळ उलटायची. तिला सगळे ‘आबी-ले’ म्हणत. आबी म्हणजे आजी, आणि ‘ले’ आपल्या ‘जी’सारखा. तिची नात जम्मूला कॉलेजात होती, सुटीला आलेली. आबी-लेंना हिंदी बेताचंच, त्यामुळे बोलणं नातीमार्फत. तिनं मला प्रकार सांगितले. पांढऱ्या बाठीचा ‘रक्तसे कारपो’ सगळ्यांत गोड. ‘रक्तसे’ म्हणजे बी, ‘कारपो’ म्हणजे पांढरी. बाकीच्यांच्या बाठी तपकिरी. फोडल्यावर काहींचा गर बदामासारखा गोड, काहींचा कडूजहर. कडूचं तेल काढायचं, टरफल चुलीत. टाकायचं काही नाही.

मी ऐकत होतो, पण माझी नजर चादरीवर. शेवटी राहवलं नाही. एक फळ उचललं आणि म्हणालो, माल चांगला आहे हो, पण काळा पडलाय. मग सुरू झालो. वाळत घालण्याआधी बंद खोलीत गंधकाची धुरी द्या, रंग आहे तसा राहतो, भाव दुप्पट येईल. कापलेलं सफरचंद जसं तांबूस पडतं तसंच हे होतं, धुरीनं ते थांबतं. शास्त्र चुकीचं नव्हतं. आवाज चुकीचा होता. मी पाहुणा म्हणून चहा पीत होतो आणि बोलत होतो दलालासारखा.

नातीनं सगळं सांगितलं. आबी-ले ऐकत राहिल्या, हातातलं फळ उलटून ठेवलं आणि काहीतरी विचारलं. नात हसली, जरा अवघडली, मग म्हणाली, “अंकल, आबी-ले पूछ रही हैं, आप अपने घर में कौन-सा खाते हो?”

मी तोंड उघडलं, पिवळा म्हणायला. आणि समोर आला तो आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा पितळी डबा.

दर हंगामात वडील दोन जाळ्या बाजूला काढायचे. त्यांतल्या द्राक्षांना डिपिंग ऑइल नाही, धुरी नाही. इतर माल पंधरवड्यात वाळायचा, या जाळ्यांना दुप्पट वेळ लागायचा. निघायचा तो काळपट, बारीक, गच्च गोड बेदाणा. तो घरचा. सत्यनारायणाच्या शिऱ्यात तो, बाळंतिणीला तो, आम्हा पोरांच्या खिशात तो. पिवळा गिऱ्हाइकाचा. वडिलांमागं मीही तेच करत आलो, आजतागायत. यात काही विसंगत आहे असं पन्नास वर्षांत माझ्या मनाला शिवलं नव्हतं. गंधक म्हणजे विष असं मी म्हणणार नाही. प्रमाणात असेल तर कायद्यालाही चालतं, आणि मी आजही तोच माल विकतो. पण जे मी स्वतःच्या पोरांना दिलं त्यालाच बाहेर हलकं म्हणत आलो, हे खोटं होतं, आणि मी ते सराईतपणे बोलत होतो.

मला प्रश्न कळला नाही असं वाटून नातीनं तो पुन्हा विचारला.

“काला वाला,” मी म्हणालो.

आबी-लेंनी नुसती मान हलवली आणि पुढचं फळ उलटलं. त्यांनी मला पकडण्यासाठी विचारलं नव्हतं. पाहुण्याला विचारावं तसंच विचारलं होतं, म्हणून तर जास्त लागलं.

त्या रात्री झोप आली नाही. एकदा वाटलं, विरळ हवेमुळे असेल. पण डोक्यात एक माणूस घोळत होता. अवकाळी पावसाच्या वर्षी जतकडचा एक शेतकरी सौद्यात आला होता. शेडवर पाणी शिरलेलं, माल काळवंडलेला. मी मूठ भरली, बघितलं आणि खाली भिरकावली. आमच्यात तशी रीतच, सौदा संपला की पायाखाली बेदाण्याचा सडा पडलेला असतो. तो माणूस वाकला आणि दाणे वेचायला लागला. मी पुढच्या ढिगाकडे गेलो होतो. चव बघायला मला एक दाणा पुरला असता.

निघताना आबी-लेंकडून दोन किलो मागितला. त्यांनी एकच दिला, बाकीचा हिवाळ्याला लागतो म्हणाल्या. भावात घासाघीस केली नाही, एवढं तरी. बायकोनं घरी आल्यावर काही न बोलता तो पितळी डब्यात, काळ्या बेदाण्याशेजारी ओतला.

यंदाच्या मार्चमध्ये एकानं असाच काळा माल लावला होता. मी मूठ भरली, एक दाणा तोंडात टाकला. गोड होता. भाव मात्र काळ्याचाच बोललो. माझ्यापुढेही गिऱ्हाईक उभं असतं, आणि ते मूठ उजेडाकडेच धरतं. फक्त हातातले बाकीचे दाणे परत ढिगावर ठेवले. त्या माणसानं माझ्याकडे चमकून पाहिलं. मी कुठल्या बाजारातून आलोय असंच त्याला वाटलं असावं.