पाण्यातला वाफसा

वनस्पतीचे मूळ पाणी पिते तसे श्वासही घेते. हवा तुटली की मुळीची ताकद ओसरते आणि कुज तिथूनच शिरते. पाणी आणि हवा दोन्ही मुळाच्या वाट्याला येतात, त्या स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेतकरी घरात हा शब्द लिहायला-वाचायला येण्याआधीच कानावर पडतो. पाऊस उघडला की घरातले मोठे मूठभर माती दाबून पाहतात. लाडू वळला आणि खाली टाकताच फुटला, तर वाफसा आला. माती बोटांना चिकटली, तर पेरणीची पाभर आणखी एखादा दिवस थांबते.

वाढत्या वयात याच शब्दाची दुसरी बाजू कालव्याखाली दिसते. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले, पाटपाण्यावर उसाचे मळे उभे राहिले. भारी काळ्या रानात पाणी वर्षानुवर्षे जिरत राहिले आणि निचऱ्याची सोय नव्हती तिथे जमिनी पाणथळ झाल्या, क्षार साठून चोपण झाल्या. अशा रानातले पीक पाण्यात उभे राहूनही पिवळे पडते. उपाय पाणी वाढवण्यात नसतो. चर काढून निचरा करण्यात असतो.

उतारवयात गच्चीवर किंवा शेडनेटमध्ये हायड्रोपोनिक्स, म्हणजे पाण्यावरची शेती, येते आणि माती जाते. मातीच नाही म्हटल्यावर वाफसा माणसालाच घडवावा लागतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो. उन्हाळ्यात अहिल्यानगरचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात टाकी तापली की मूळ गुदमरते आणि पिथियम फोफावते. ही बुरशीसारखी दिसणारी पण खऱ्या बुरशीहून वेगळी सजीव जात. तिचे बीजाणू शेपट्या हलवत पोहतात, म्हणून एका रोपाची कुज फिरत्या पाण्यातून साऱ्या पाइपात पसरते.

पहिली खूण दुपारी दिसते: मुळाशी पाणी असूनही पाने माना टाकतात, संध्याकाळी सावरतात. रोप उचलावे. निरोगी मुळी पांढरी आणि टणक असते. कुजकी तपकिरी व बुळबुळीत असते, तिला वास येतो. चिमटीत धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि मागे नुसता दोरा उरतो.

जास्त कुजलेली रोपे लगेच काढून टाकावीत. थोडी लागण असेल तर खराब मुळ्या स्वच्छ कात्रीने छाटाव्यात, काही पानेही कमी करावीत. उरलेल्या मुळांवरचा भार हलका होतो. टाकी आणि पाइप रिकामे करून, निर्जंतुक करून, धुऊन नवे पोषक द्रावण भरावे, तेही काही दिवस सौम्य. एअर पंप चोवीस तास चालू ठेवावा. टाकी सावलीत ठेवावी किंवा जमिनीत पुरावी, उजेड आत जाऊ देऊ नये, नाहीतर शेवाळ धरते. रांजणाला ओले गोणपाट गुंडाळण्याची जुनी युक्ती इथेही चालते. ट्रायकोडर्मासारखी उपयोगी बुरशी सोडायची असेल, तर हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच पाण्यात नको. ते तिलाही मारते.

छाटलेल्या जागेवरून पांढरे कोंब फुटू लागले, की पाण्यात वाफसा आला.